भूक राखून

"किती दिवसांचा?" उपशममती माताजींनी विचारलं.

"महिन्याचा, माताजी. नुसत्या पाण्यावर."

"कशासाठी?"

पायगोंडा मगदूम गडबडला. उपवासाचा नियम मागायला आलेल्या माणसाला कशासाठी, असं कुणी विचारत नसतं. नियम द्यायचा, डोक्याला मोरपिसांची पिंछी लावायची, आणि आजूबाजूच्यांनी जयजयकार करायचा, अशी रीत.

"कर्मनिर्जरेसाठी. साठलेली कर्मं झडावीत म्हणून," तो म्हणाला.

माताजी त्याच्याकडे बघत राहिल्या.

"...आणि वजनासाठी."

"आधी कोणतं?"

पायगोंडानं मान खाली घातली. खाली घातली तर पोटच दिसलं.

कोथळगाव हे वारणेकाठचं गाव. तिथली जैनांची वस्ती जुनी. बस्ती, म्हणजे त्यांचं मंदिर, त्याहून जुनं. त्या वर्षी चातुर्मासाला आर्यिका उपशममती माताजी तिथं उतरल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढचं. अंगावर पांढरं लुगडं, सामान म्हणाल तर मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू. दिवसातून एकदाच आहार, तोही स्वतःच्या ओंजळीत. बोलणं त्याहून कमी.

पायगोंडाचं गावात बी-बियाण्यांचं दुकान होतं. सकाळी गादीवर बसला की दिवस मावळेपर्यंत उठायचं कारण नाही. पण उपवासात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. भाद्रपदातल्या दशलक्षण पर्वाचे दहाच्या दहा दिवस तो दरवर्षी पाण्यावर काढायचा. मग मिरवणूक, बँड, डोक्याला फेटा. मिरवणूक झाली की पारणं. आणि ते पारणं सुरू झालं की दिवाळीपर्यंत थांबायचं नाही. उपवासात घरातून गेलेलं वजन परत येताना दोन पाहुणे सोबत घेऊन यायचं.

त्याचे वडील पन्नाशी गाठायच्या आत त्याच गादीवर बसल्या बसल्या गेले होते. हातात शाळूच्या बियाणाची पिशवी होती, एवढंच त्याला आठवायचं. आता त्याचंही वय तिथंच येऊन ठेपलं होतं. जयसिंगपूरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, छातीची पट्टी काढली आणि म्हणाल्या, हृदय अजून साथ देतंय, पण साखर वाढलीय आणि यकृतावर चरबी चढलीय. उपवास बंद. दोन वेळा मोजकं जेवा. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर, आमटी-उसळ घ्या, भाकरी निम्मी करा. थोडं पळा, थोडं चाला. वजन हळूहळू उतरेल. उतरलेलं परत चढणार नाही.

पायगोंडाला ते हळूहळू काही पचलं नव्हतं.

"निम्मी भाकरी खाऊन कुठं तप होतं का?" तो माताजींना म्हणाला. "खायचं तर खायचं, न्हाईतर न्हाई. पोरवयात कबड्डी खेळलोय मी. परवापासनं पळायलाबी लागलोय. उपवास आणि पळणं दोन्ही धरलं, तर दिवाळीच्या आत काम फत्ते."

माताजींनी पिंछी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली.

"नियम हवाय ना?"

"व्हय."

"रोज जेव."

पायगोंडा वाट बघत राहिला.

"दोन्ही वेळा जेव. डॉक्टर सांगते ते जेव. आणि थोडी भूक राखून ऊठ."

"...एवढंच?"

"एवढंच."

"माताजी, असला नियम लहान पोरांना देतात."

"मग तुला जमेल," माताजी म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे मिटले.

*

पायगोंडा घरी आला तो फुरंगटूनच.

त्याची बायको त्रिशला भाकऱ्या थापत होती. तिनं नियम ऐकला, आणि थापलेली एक भाकरी पुन्हा गोळा करून परातीत ठेवली.

पहिली भाकरी झाली. दुसरी झाली. आमटीत भाकरीचा मुटका बुडवताना तो स्वतःशी म्हणाला, आता भूक थोडी राहिलीय, आता उठायचं. पण वांग्याचं भरीत जरा जास्तच चांगलं झालं होतं. भरीत उरलं म्हणून आणखी अर्धी भाकरी घेतली. मग भाकरी उरली म्हणून भरीत. मग भात, कारण भाताशिवाय जेवण संपल्यासारखं वाटत नाही. उठला तेव्हा करदोटा रुतत होता.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यानं ठरवून दोनच भाकरी वाढून घेतल्या, उठला, हात धुतले, आणि ओट्यावरचा शेंगदाण्याचा लाडू उभ्याउभ्याच तोंडात टाकला. टाकल्यावर त्याला कळलं की टाकला.

दहा दहा दिवस अन्नाकडे न बघणारा माणूस आपण... आणि एका लाडवापाशी हरलो?

संध्याकाळी तो बस्तीत गेला.

"माताजी, नियम मोडला."

"कधी?"

"रोजच."

माताजींनी मान हलवली. जणू हवापाण्याचीच गोष्ट.

"प्रायश्चित्त द्या," पायगोंडा म्हणाला. त्याच्या मनात एक आशा होती. प्रायश्चित्त म्हटलं की उपवास ठरलेला. एक सांगतील, फार तर दोन. उपवास म्हणजे त्याच्या घरचं अंगण.

माताजींनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"दिवस मावळायला किती अवकाश आहे?"

"आहे थोडा."

"मग घरी जा. मावळायच्या आत जेवून घे."

"...माताजी, हे प्रायश्चित्त?"

"उशीर करू नकोस. त्रिशला ताट वाढून बसली असेल."

*

पळण्याचंही तसंच झालं होतं.

पहिल्या दिवशी नवे बूट घालून, डोक्याला पंचा गुंडाळून पायगोंडा पाणंदीच्या तोंडाशी उभा राहिला, आणि चढाईला निघाल्यासारखा सुटला. कडेला वैरण कापणाऱ्या बायका खुरपी थांबवून बघत राहिल्या. ओढ्यावरच्या मोरीपर्यंत त्याचा दम टिकला. मग मोरीच्या कठड्यावर बसला तो उठेचना. शेवटी दुधाच्या टेम्पोतून, कॅनमधल्या जागेत पाय आखडून तो घरी आला. गावात ही बातमी दुधाच्या आधी पोचली.

तरी त्यानं सोडलं नाही. हट्ट हा त्याचा जुना धंदा. एक दिवस जिवाच्या आकांतानं पळायचं आणि चार दिवस गुडघ्यांना तेल चोळत बसायचं, असं चाललं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, थोडं पळा, थोडं चाला. पण भर गावात चालायचं? पळायला निघालेला पायगोंडा मगदूम चालताना दिसला, तर लोक काय म्हणतील?

एका सकाळी माताजी गावाबाहेर फिरून बस्तीकडे परतत होत्या. सोबत दोन श्राविका. नेहमीसारखी नजर पुढच्या चार हात जमिनीवर. पायगोंडा समोरून आला, त्यांना बघून थांबला आणि हात जोडून "वंदामि, माताजी" म्हणायला गेला. तोंडातून नुसतीच हवा आली.

माताजी थांबल्या. त्याचा श्वास जागेवर यायची वाट बघत उभ्या राहिल्या. श्राविका पदराआड हसत होत्या.

"पळण्यातलं मला काही कळत नाही," माताजी म्हणाल्या. "आम्ही जन्मभर चालतच आलो."

"व्हय, माताजी..."

"पळताना णमोकार मंत्र म्हणतोस?"

"मनात म्हणतो की."

"मनात नको. तोंडानं म्हण."

"पळताना तोंडानं कसा येईल, माताजी? श्वास तुटतो."

"कुठं तुटतो?"

पायगोंडानं आठवून पाहिलं. "दुसऱ्या ओळीलाच."

"तिथं चाल," माताजी म्हणाल्या. "पुन्हा जुळला की पुन्हा पळ. आणि चांगलं उजाडू दे. अंधारात पायाखालचं दिसत नाही; तूही पडशील, किडामुंगीही चिरडेल."

दुसऱ्या दिवशी पायगोंडा उजाडल्यावर निघाला. णमो अरिहंताणं... णमो सिद्धाणं... मंत्र तुटू नये म्हणून त्याला इतकं हळू पळावं लागलं, की रानाकडे निघालेली एक म्हातारी टोपली घेऊन त्याच्या पुढं गेली. तिनं मागं वळून विचारलंसुद्धा, "काय रं बाळा, पायाला लागलंय काय?"

त्याचे कान तापले. तरी त्यानं वेग वाढवला नाही. श्वास तुटला तिथं चालला. जुळला तिथं पळला. मोरी आली, गेली. पुढं केळीची बाग आली. ती बाग त्यानं पळताना कधी पाहिलीच नव्हती.

घरी आला तेव्हा अंग ओलं होतं, पण गुडघे बोलत नव्हते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, तेल न चोळता, तो पुन्हा निघाला.

*

जेवणाचं मात्र कोडं सुटत नव्हतं.

उठायचं कधी? भूक राहिलीय हे कळायचं कसं? आधी भूक असते, मग एकदम पोट टम्म असतं. मधलं ठिकाण त्याला सापडायचं नाही. गाडी थेट शेवटच्या स्टॉपलाच थांबायची.

श्रावण संपता संपता माताजींचा आहार मगदुमांच्या घरी झाला. त्रिशला पहाटेपासून सोवळ्यात. तिनं खपली गव्हाची खीर केली होती. गूळ, ओलं खोबरं आणि वरून तूप. माताजी मूळच्या पलीकडच्या सीमाभागातल्या. तिकडे या खिरीला हुग्गी म्हणतात आणि ती झाल्याशिवाय सण झाला असं मानत नाहीत. लहानपणी माताजींना ती फार आवडायची, हे त्यांच्या माहेरगावच्या एका बाईनं त्रिशलाला सांगितलं होतं.

दारात दोघांनी हात जोडून माताजींना थांबवलं, प्रदक्षिणा घातली, पाटावर बसवलं. माताजींनी ओंजळ पुढं केली. आहाराच्या वेळी मौन असतं. हवं-नको ते बोटाच्या खुणेनं. आधी पाणी झालं, मग दूध, भाकरीचा कुस्करा, मुगाची आमटी. पायगोंडा धुतलेलं धोतर नेसून वाढत होता. भीती एकच, खाण्यात केस निघाला तर माताजी तिथंच थांबतील आणि त्यांना दिवसभर उपाशी राहावं लागेल.

मग खीर आली. पहिला चमचा ओंजळीत पडला.

माताजींनी तो तोंडात घेतला, आणि क्षणभर... पायगोंडा अगदी समोर होता म्हणून त्याला दिसलं. त्या सत्तरीच्या चेहऱ्यावर एक आठ-नऊ वर्षांची मुलगी येऊन गेली.

त्यानं घाईनं दुसरा चमचा वाढला. तिसरा भरून घेतला, तूप जरा सढळ हातानं सोडलं, आणि पुढं झुकला.

माताजींनी हात सोडले.

ओंजळ मोकळी झाली. आहार संपला. भरलेला चमचा पायगोंडाच्या हातात तसाच राहिला.

त्रिशलाचा चेहरा पडला. केस होता का? खडा होता का? तिनं पातेलं उजेडात नेऊन पाहिलं. काही नव्हतं.

दुपारी पायगोंडा बस्तीत गेला.

"माताजी, सकाळी आमच्या हातून काही चूक झाली काय?"

"नाही."

"खिरीत काही निघालं?"

"नाही. फार चांगली झाली होती. त्रिशलाला सांग."

"मग पोट भरलं होतं?"

"नाही."

पायगोंडा घुटमळला. "मग हात का सोडलेत, माताजी?"

माताजींनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर काही नव्हतं. चिंच होती, चिंचेखाली एक वासरू होतं.

"अजून हवी होती," त्या म्हणाल्या. "म्हणून."

त्या संध्याकाळी पायगोंडा जेवायला बसला. दोन भाकरी, दोडक्याची भाजी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर. खाता खाता तो त्या एकाच गोष्टीची वाट बघत राहिला: पोट भरल्याची नाही, अजून हवंसं वाटल्याची. दुसऱ्या भाकरीच्या शेवटच्या चतकोराला ते वाटलं. अगदी स्पष्ट, दारावर कुणी टकटक करावी तसं. तोंडाला पाणी सुटलं, हात आपोआप टोपलीकडे गेला.

तो उठला.

हात धुताना त्याला आपलं हसू आलं. आजवर ही टकटक झाली की तो दार सताड उघडायचा. तिलाच थांबायची खूण मानता येईल, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

रोज जमलं असं नाही. बारशाच्या जेवणाला शेजाऱ्यांकडे गेला आणि पुरणपोळीपुढं सपशेल आडवा झाला. पण आता तो माताजींकडे प्रायश्चित्त मागायला गेला नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर जेवायला बसला.

*

दशलक्षण जवळ आलं तशी गावात विचारणा सुरू झाली.

"यंदा किती, अण्णा?" पंच कमिटीचे आदगोंडा चौगुले दुकानात येऊन म्हणाले. "दहा, का एकदम सोळा? बँडवाल्याला सांगायला बरं. तुमच्याबिगर मिरवणूक म्हणजे बिनबाशिंगाचा नवरा."

पायगोंडा हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. दोन महिन्यांत पोट थोडं उतरलं होतं, पण फेटा म्हणजे फेटा. त्यानं मनाशी एक तोड काढली आणि तो बस्तीत गेला.

"माताजी, दहाच दिवस. पर्वापुरतं. मग पुन्हा तुमचा नियम चालू."

माताजींनी पिंछी मांडीवर सारखी केली. मग म्हणाल्या, "गेल्या वर्षी तुझे दहा उपवास झाले?"

"व्हय. पुरे दहा."

"त्या दहा दिवसांत त्रिशला काय जेवली?"

"जेवली असेल की... घरात सगळं होतं."

"तू पाहिलंस?"

पायगोंडा डोकं खाजवू लागला.

"आधी ते विचारून ये. मग नियमाचं बोलू."

घरी त्रिशला तांदूळ निवडत होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. पोट आड न येता मांडी घालून बसला, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"गेल्या साली माझ्या उपवासात तू काय जेवत होतीस?"

"आज कुठनं सुचलं हे?"

"सांग की."

त्रिशलानं सूप हलवलं. "काय जेवणार? तुम्ही पुढच्या खोलीत पडून. फोडणी टाकली की वास जातोय म्हणून गॅसच पेटवायची न्हाई मी. ताकात शिळी भाकरी कुस्करायची आणि उभ्यानंच खायची, वाजू न देता."

"दहा दिवस?"

"दर साली."

"बोलली न्हाईस कधी."

"त्यात काय सांगायचं?" ती म्हणाली. चिडून नाही, सरळ. "तुमचं पुण्य मोडायचं व्हय? पण भीती वाटायची. रात्री चारदा उठून बघायची, श्वास चालू हाय का न्हाई. मामंजी कसे गेले ते मीबी बघितलंय."

सुपातल्या खड्यांचा एक लहानसा ढीग झाला होता. पायगोंडा त्याकडे बघत बसला. एवढ्या वर्षांत फेट्याखालून त्याला पुढचा बँड दिसला होता, मागं कोण चालतंय ते नाही.

तो परत बस्तीत गेला नाही. आदगोंडा पुन्हा आले तेव्हा म्हणाला, "यंदा न्हाई, दादा. यंदा जेवणार हाय."

आदगोंडा हसले. मग हा थट्टा करत नाही हे कळल्यावर हसायचे थांबले.

पर्वाचे दहा दिवस पायगोंडा रोज बस्तीत गेला, प्रवचन ऐकलं, घरी येऊन दोन वेळा जेवला, आणि दोन्ही वेळा थोडी भूक राखून उठला. सकाळी पाणंदीनं पळाला. णमोकार आता पुरा होत होता. कधी कधी दोनदा.

नवव्या दिवशी त्रिशला म्हणाली, "यंदा मी धरू का उद्याचा एक दिवस? अनंत चतुर्दशीचा? लग्न झाल्यापासनं कधी धरताच आला न्हाई."

"धर की," तो म्हणाला. आणि जरा वेळानं, "माझं मी करून घेतो."

चतुर्दशीला त्यानं स्वतःच्या हातानं भात लावला. खाली लागला. तो त्यानं ताकाबरोबर खाल्ला आणि भांडं आवाज न करता घासून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघाली. त्या वर्षीचा फेटा चौगुल्यांच्या जिनदत्ताला मिळाला. बँड दुकानापुढं आला तेव्हा पायगोंडा पायरीवर उभा होता. त्याला वाटलं होतं, डोळे फेट्यावरच राहतील. थोडा वेळ राहिलेही. पण त्याची नजर जिनदत्ताच्या मागं गेली. तिथं जिनदत्ताची बायको छत्री आणि पाण्याचा तांब्या घेऊन चालत होती, सुकल्या ओठांनी. पायगोंडा पायरी उतरून पुढं झाला, तिच्या हातातली छत्री घेतली आणि म्हणाला, "वहिनी, मी धरतो. तुम्ही घरला जाऊन आधी दोन घास खावा."

घरी आल्यावर त्यानं त्रिशलाचं पारणं केलं. मुगाचं पाणी, मऊ भात, वर थोडं तूप. तिनं चार घास खाल्ले आणि हात आखडला.

"आणखी घे."

"पुरे. चांगलं लागतंय, म्हणून पुरे," ती म्हणाली. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

*

दिवाळीत चातुर्मास संपला. जयसिंगपूरच्या डॉक्टरीणबाईंनी नवा रिपोर्ट बघून चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा बघितला. साखर उतरली होती. वजन म्हणाल तर फार नाही; पण जे गेलं होतं ते परत आलं नव्हतं. असंच चालू द्या, त्या म्हणाल्या. पायगोंडाला आता ते हळूहळू गोड वाटू लागलं होतं.

आणि गावाला ते दिसू लागलं होतं. सदरे ढगळ झाले. पाणंदीनं पळताना आता त्याच्यासोबत आणखी दोघं-तिघं असायचे. दुकानात खताला आलेला माणूस विचारायचा, अण्णा, केलंत काय? मग पायगोंडा सांगायला बसायचा. भाकरी कशी चावायची, कुठं थांबायचं, णमोकार कुठं तुटतो. गिऱ्हाईक पिशवी खांद्यावर घेऊन या पायावरून त्या पायावर व्हायचं. लग्नाच्या पंगतीत तो शेजारच्याच्या पानाकडे बघायचा आणि म्हणायचा, "ही चौथी न्हवं?" एकदा तर आदगोंडांनी जागा बदलून घेतली.

माताजींच्या विहाराचा दिवस ठरला. बस्तीपुढं मांडव घातला होता. कमिटीनं ठरवलं, निरोपाच्या सभेत पायगोंडाचा सत्कार करायचा आणि त्यानं लोकांना दोन शब्द सांगायचे. पायगोंडानं भाषण पाठ केलं. घरी त्रिशलापुढं म्हणूनही दाखवलं. तिनं ते ऐकता ऐकता सगळ्या शेंगा फोडून संपवल्या.

सभेला अजून थोडा वेळ होता. माताजी आत भिंतीशी बसल्या होत्या. पायगोंडा वंदन करून समोर बसला, ताठ, मांडी घालून.

"माताजी, तुमच्या नियमानं मला वाचवलं."

माताजी हसल्या. या चार महिन्यांत त्यानं त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

"त्रिशला बरी आहे?"

"व्हय. आता दोघं एकाच वेळी बसतो जेवायला."

"चांगलं."

बाहेर माईकवर कुणीतरी 'हॅलो, हॅलो' करत होतं. आदगोंडांनी दारातून डोकावून त्याला खूण केली: चला, अण्णा, तुमचाच नंबर. पायगोंडानं सदरा सारखा केला. छाती थोडी फुगली.

"माताजी, आशीर्वाद द्या. लोकांना सगळं सांगणार हाय आज. लाडवाचं, पळण्याचं, कसं जिंकलो ते... सगळं. एकसुद्धा गोष्ट शिल्लक ठेवणार न्हाई."

माताजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या उतरलेल्या पोटाकडे पाहिलं. मोरपिसांची पिंछी उचलून त्यांनी ती त्याच्या डोक्याला हलकेच लावली.

"पायगोंडा," त्या म्हणाल्या, "थोडं पोटात ठेव. आता जागा झालीय तिथं."